कढीपत्त्याचे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या दालनात खुर्चीवर बसण्याची मला सवय नाही. इथे मी वीस-बावीस वर्षे सतरंज्या अंथरल्या, पेटी वाजवली, मंगळागौरी जागवल्या आणि एक वर्ष खजिनदार होऊन हिशेबाचा घोळही घातला. आज तुम्ही मला पाहुणी म्हणून बसवले आहे, आणि समोर तांब्याभांडे ठेवले आहे, त्यामुळे मी अगोदरच बावरले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करते. चिटणीसबाईंनी ओळख करून देताना मला न्यूझीलंडमध्ये गाण्याचे बक्षीस मिळाल्याचे सांगितले. बक्षीस मिळाले नाही. मी स्पर्धेत भाग घेतला, एवढेच खरे आहे. आता हे ऐकूनही ज्यांना बसायचे असेल त्यांनी बसावे. चहाला अजून अवकाश आहे.

स्पर्धेचा विषय होता जैवसुरक्षा. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, विम्याची काही योजना असावी. तसे नाही. बाहेरून येणारी कीड, रोग, तण यांपासून आपली शेती, आपले रान आणि आपली जनावरे राखणे, त्याला तिकडे हे नाव आहे. न्यूझीलंड हा चारी बाजूंनी समुद्र असलेला देश. जवळचा शेजारी ऑस्ट्रेलिया, तोही दीड-दोन हजार किलोमीटरांवर. इतकी वर्षे एकटे राहिल्यामुळे तिथल्या झाडांना आणि पाखरांना बाहेरच्या रोगांची ओळखच नाही. एकुलत्या एका मुलाला जपावे तसे ते आपल्या देशाला जपतात. १९९३ साली त्यांनी त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. हा कायदा मला कसा कळला, ते सांगायला मला थोडी लाज वाटते. पण गाणे तिथूनच सुरू होते, तेव्हा सांगितलेच पाहिजे.

यजमान गेल्यानंतर २०१६ साली चिरंजीवांनी मला ऑकलंडला नेले. इथले घर बंद करायचे होते. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते घर पाहिले आहे. मागच्या पडवीजवळ माझ्या सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता होता. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला पहिले काम सांगितले ते त्या झाडाची चार पाने आणण्याचे. आता त्या घरातून न्यायचे तरी काय? भांडी न्यायची नव्हती, पाट न्यायचे नव्हते. मी झाडाच्या बुंध्याजवळचा एक वीतभर फुटवा मुळासकट काढला, मुळाला ओला कापूस गुंडाळला, वर प्लास्टिक, आणि स्टीलच्या डब्यात भाजणीच्या दोन पुड्यांमध्ये निजवला.

विमानात तेव्हा एक कागद भरायला देत. त्यात विचारलेले असे, खाण्याचे पदार्थ आणले आहेत का, झाडे, बिया, माती लागलेले जोडे आणले आहेत का. मी भाजणीपुढे 'होय' केले आणि झाडापुढे 'नाही' केले. वाचता आले नाही, समजले नाही, असे मी पुढे चिरंजीवांना सांगितले. ते खोटे होते. मला चांगले समजले होते.

सामान घेऊन उभी होते तेव्हा एक लहानसा कुत्रा आला. बीगल जातीचा, लोंबते कान, अंगावर हिरवे जाकीट. मोठा गोड प्राणी! तो माझ्या बॅगेजवळ आला, नाक लावले आणि शहाण्या मुलासारखा खाली बसला. मी कौतुकाने म्हणाले, "अगं बाई, दमला बिचारा." तो दमला नव्हता. बसणे हीच त्याची तक्रार करण्याची रीत.

चारशे डॉलर दंड झाला. तेव्हाच्या भावाने अठरा-एकोणीस हजार रुपये. आणि तो फुटवा माझ्यादेखत एका पिशवीत बंद करून नेला. अधिकारी बाई फार सभ्य होती, आवाजही चढवला नाही, त्यामुळे तर अधिकच मेल्यासारखे झाले. बाहेर चिरंजीव दोन तास ताटकळले होते. त्यांनी दंड भरला आणि घरापर्यंत गाडी चालवली ती एक शब्द न बोलता. कायमच्या वास्तव्यासाठी त्यांचा अर्ज तेव्हा चालू होता, आणि आपल्या आईमुळे त्यात काही अडथळा येतो की काय, या भीतीने त्यांचे तोंड उतरले होते. अडथळा आला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात कढीपत्ता हा शब्द कोणी उच्चारत नसे. फोडणीत तो पडे, पण नावाने नव्हे.

मला राग कुत्र्याचाही नव्हता आणि त्या बाईचाही नव्हता. मला वाटे, वीतभर काडीने एवढ्या मोठ्या देशाचे काय बिघडणार होते? सासूबाईंचे झाड होते ते! हा सल माझ्या मनात नऊ वर्षे राहिला.

आता २०२५ च्या जानेवारीत या. आम्ही राहतो ते पापाटोएटोए हे ऑकलंडचे उपनगर. नाव तोंडात बसायला मला सहा महिने लागले. वस्तीत आपले लोक पुष्कळ. विमानतळ इतका जवळ की दुपारच्या झोपेत विमाने येतात. तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली, की आमच्या भागातल्या एका सापळ्यात एक माशी सापडली. एक! तीही नर. पण त्यांनी सारे उपनगर हलवून सोडले. ती माशी कोणती, ठाऊक आहे? आपली आंब्यावरची फळमाशी. पूर्वेकडची फळमाशी असे तिकडे नाव आहे, पण इथे बागाईतदारांच्या घरात वाढलेल्या कोणत्याही मुलीला ती ओळखता येईल. आंबा वरून चांगला, आणि कापला की आत अळ्या वळवळतात, तीच ही. २०१४ साली युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली ती फळमाश्यांमुळेच. पुढच्या वर्षी बंदी उठली, पण त्या एका हंगामात घराघरांत काय बोलणी होत होती ते तुम्हांला मी सांगायला नको. माझ्या भावाच्या बागेत दापोलीच्या विद्यापीठाचे रक्षक सापळे टांगलेले असत. आत मिथाइल युजेनॉलचा वास ठेवला की नर माशा ओढीने येतात आणि अडकतात. हाच वास लावलेले सापळे मी ऑकलंडच्या गल्लीत, लिंबाच्या झाडाला टांगलेले पाहिले आणि मला एकदम भावाच्या बागेत उभी असल्यासारखे वाटले. असे कीड शोधणारे सुमारे आठ हजार सापळे त्यांनी देशभर लावून ठेवले आहेत. वर्षानुवर्षे ते रिकामे निघतात आणि तरी माणसे ते नेमाने तपासतात. आपल्याला हे जमले असते का, कोण जाणे. भावाकडे सापळा रिकामा निघाला असता तर त्याने तो दुकानदाराला परत केला असता.

जिथे माशी सापडली तिथून दोनशे मीटरांचे एक वर्तुळ आणि दीड किलोमीटरचे दुसरे. आमचे घर आतल्या वर्तुळात. आत कडक नियम असा, की पालेभाज्या आणि माती नसलेली कंदमुळे सोडून कोणतेही ताजे फळ वा फळभाजी वर्तुळाबाहेर न्यायची नाही. बागेतले नाही आणि दुकानातून आणलेलेही नाही. सालपटे खतात टाकायची नाहीत. फळांच्या कचऱ्यासाठी वेगळे डबे ठेवले. माझ्या मागच्या अंगणात तेव्हा कारल्याचा वेल मांडवावर चढला होता, टोमॅटो लाल झाले होते. एक सामोअन बाई रोज सकाळी यायची, टोमॅटो घेऊन जायची आणि चिरून आत अळी आहे का पाहायची. आम्ही दोघी मांडवाखाली बसून तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत असू. तिने मला सांगितले, की यातली एक जरी मादी वसली तर या देशाची फळे विकत घ्यायला परदेशची गिऱ्हाइके तयार होणार नाहीत.

आणि नेमकी संक्रांत आली! चौदा जानेवारी. तिकडे हवा उन्हाळ्याची असते, पण हळदीकुंकू आपण सोडतो थोडेच? माझ्याकडे तीस-पस्तीस बायका यायच्या होत्या, दूर दूरच्या उपनगरांतून. ओटीत फळ घालावे तर ती बाई ते घेऊन वर्तुळाबाहेर जाणार. मी पंचाईतीत पडले. सुगडात गाजर चालते, कारण ते कंद. तिळगूळ चालतो. ऊस, हरभऱ्याचे घाटे या बाबतीत कुणाला विचारायचे, म्हणून ते मी वगळूनच टाकले. शेवटी ओटीत तांदूळ आणि सुपारी घातली, आणि फळांच्या फोडी करून सगळ्यांना तिथेच खायला लावल्या. दारात मी स्वतः उभी राहिले आणि जाणारीच्या पिशवीत कुणी कौतुकाने कारले तर घातले नाही ना, ते पाहत होते. एकीच्या पिशवीत सापडले! तीन कारली. ती म्हणाली, "अहो काकू, तीन कारल्यांनी काय होतंय?"

मैत्रिणींनो, मी तिला काही बोलू शकले नाही. तिच्या हातातून कारली घेतली आणि आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. नऊ वर्षांपूर्वीचे माझेच वाक्य होते ते.

त्या रात्री मी नातीला बसवले आणि म्हटले, माझ्या त्या फुटव्यावर असे काय असू शकत होते, ते शोधून दे. तिने शोधले. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर तिळाएवढी एक कीड राहते, तिला सिट्रस सायला म्हणतात. आपल्या विदर्भातल्या संत्रेवाल्यांना ती चांगली माहीत आहे. कोवळ्या फुटीवर ती अंडी घालते, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. ही कीड संत्र्यांमध्ये ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते, आणि त्यावर औषध नाही. अमेरिकेत फ्लोरिडात तो २००५ साली सापडला. त्या रोगाने आणि मागून आलेल्या वादळांनी मिळून तिथले संत्र्याचे पीक वीस वर्षांत दहाव्या हिश्श्याच्याही खाली आणले. न्यूझीलंडमध्ये ही कीडही नाही आणि हा रोगही नाही. माझ्या काडीवर ती होती असे मी म्हणत नाही. नसेलही. पण मी कोवळी फूटच निवडून घेतली होती, हे मला आठवत होते.

फेब्रुवारीच्या मध्यात निर्बंध उठले. दुसरी माशी काही आमच्याकडे सापडली नाही. त्यानंतर महिनाभराने नातीने शाळेतून स्पर्धेचा कागद आणला. गाणे स्वतः रचलेले, तीन मिनिटांचे, भाषा कोणतीही, ध्वनिमुद्रण घरी केलेले चालेल. सोबत इंग्रजी अर्थ आणि गाणे कसे सुचले ते थोडक्यात. नात गिटार वाजवते. ती म्हणाली, "आजी, तू लिही. मी वाजवते."

मी आधी फार थोर गाणे लिहिले. वसुंधरा, वनराई, रक्षण, संरक्षण. नातीने अर्थ विचारला, मी सांगितला, ती म्हणाली, "हे शाळेतल्या फलकासारखं वाटतं." मला राग आला, पण पोरीचे खरे होते. मग मी दळणाच्या ओव्या आठवत बसले. ओवीतली बाई कुणाला उपदेश करीत नाही, ती आपले माहेर सांगते. तेव्हा मीही आपल्या पेटीचे सांगावे असे ठरवले. दोन कडवी ऐकवते:

आई भरते डबोले,
वर कढीपत्ता घाली;
नको आई, त्या पानाच्या
कोण लपले गं खाली?

माझ्या माहेरची माती
वहाणेला चिकटली;
उंबऱ्याशी धुतली मी,
डोळ्यांमध्ये साठवली.

दुसरे कडवे जोड्यांचे आहे, त्याचे कारण तिकडे कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत, आणि मातीतून पसरणारा एक रोग त्यांना मुळापासून मारतो. रानात शिरताना जोडे घासून, औषध फवारून मगच पुढे जायचे. त्या रोगाचे कूळ आणि आपल्या सुपारीवरच्या कोळेरोगाचे कूळ एकच. माझे वडील मृगापूर्वी मोरचूद आणि चुना कालवून पोफळींवर फवारणी करवीत, ते मला आठवले. कडव्यांच्या मध्ये नातीने इंग्रजी पालुपद घातले, "डिक्लेअर, आजी, डिक्लेअर". म्हणजे असेल ते आपणहून सांगून टाक, आजी. मला ते प्रथम उद्धटपणाचे वाटले. आता सगळ्यांना तेवढेच आठवते.

गाणे रचणे सोपे, भगिनींनो, घरात मुद्रित करणे महाकठीण. तुम्हांला वाटेल, फोन समोर ठेवला आणि गायले. पहिल्या दिवशी तसेच केले आणि ऐकले, तर मी विहिरीतून गात होते. दिवाणखान्याच्या उघड्या भिंतींवर आवाज आपटून परत येत होता. नातीने मला कपड्यांच्या कपाटात उभे केले. एका बाजूला माझी लुगडी-पातळे, दुसऱ्या बाजूला चिरंजीवांचे कोट, पाठीमागे गोधडी टांगलेली. कापड आवाज पिऊन टाकते, हे मला सत्तराव्या वर्षी कळले. फोन पुस्तकांच्या चळतीवर, तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा तिरका. समोर धरला तर प, फ, भ या अक्षरांचा फटाका वाजतो. 'पानाच्या' म्हटले की फट्! त्यावर उपाय म्हणून भरतकामाच्या गोल चौकटीवर पातळ मोजा ताणून मध्ये धरला.

मग सुरांचे भांडण. माझी पेटी जुनी, ती किंचित चढी बोलते. गिटार आजकालच्या मापाने लावलेली. दोन्ही एकत्र वाजवल्यावर शेजारचा कुत्रा रडू लागला. पेटी बाद केली. फोनमधला तंबोरा गिटारीशी जुळवून घेतला आणि मी एका पट्टीने खाली आले, वयाप्रमाणे. ठेक्यासाठी ढोलक नव्हता. मी सुपात तांदूळ घेऊन पाखडले, नातीने लाटणे पोळपाटावर वाजवले. पण आधी गाणे आणि मग ठेका असे केले, तर दोन्हीचे काही केल्या जमेना, कारण मी भावनेच्या भरात दुसऱ्या कडव्यात धावत होते. शेवटी कानात टिकटिक लावून गायले. ज्यांनी कानात घड्याळ घेऊन ओवी म्हटली असेल त्यांनाच माझे दुःख समजेल.

विमानांचा त्रास निराळाच. अडीच मिनिटे सुरेख गायले की वरून घरघर. म्हणून रात्री अकरानंतर गायचे ठरले. रेफ्रिजरेटरचा गुणगुणाट येतो म्हणून तो बंद केला, आणि सकाळपर्यंत लावायला विसरलो. दोन किलो चक्का आंबून गेला. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी भाजीत मीठ जास्त होते. एकंदर तेवीस वेळा गायले. तेविसावे पाठवले असे नव्हे. नवव्या वेळेचे पाठवले. त्यात शेवटच्या ओळीला माझा आवाज किंचित कापला आहे. मी म्हटले, बदलू. नात म्हणाली, नाही.

राहिले ते गाणे कसे सुचले हे लिहिणे. मी लिहिले की मी २०१६ साली एक रोप लपवून आणले, कागदावर खोटे लिहिले आणि मला दंड झाला. चिरंजीवांनी ते वाचले आणि म्हणाले, "आई, हे कशाला? परीक्षक आपल्याला ओळखत नाहीत. संक्रांतीचं लिही की, ते छान आहे." बरोबरच होते त्यांचे. मी म्हटले, "अरे, पालुपदात तुझी लेक मला डिक्लेअर म्हणते आहे, आणि मी परत लपवू?" ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने आले आणि माझ्या इंग्रजीतल्या चुका दुरुस्त करू लागले. चारशे डॉलरचा आकडा त्यांनीच घातला. मग म्हणाले, "त्या दिवशी गाडीत मी बोलायला हवं होतं. तू मागे बसून रडत होतीस, मला आरशात दिसत होतं." नऊ वर्षांनी आमच्या घरात कढीपत्त्यावर बोलणे झाले, रात्री साडेबाराला, कपाटासमोर.

बक्षीस एका शाळेच्या मुलांना मिळाले. त्यांचे गाणे मी ऐकले. खरेच चांगले होते, नाचता येण्यासारखे. आम्हांला भाग घेतल्याचे पत्र आले. ते सूनबाईंनी रेफ्रिजरेटरवर लावले आहे, चक्क्याच्या आठवणीसाठी असे त्या म्हणतात. पुढे चिरंजीवांनी तिकडच्याच रोपवाटिकेतून कढीपत्त्याची एक कुंडी आणून मागच्या दारी ठेवली. पानांना वास आहे. सासूबाईंच्या झाडाइतका नाही.

आता अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आवरते. परवा मी परत निघणार. सकाळपासून तुम्ही मला जे जे दिले त्याबद्दल आभार. भाजणी, मेतकूट, आमसुले मी तिथे उघडून दाखवीन, आजवर मला भाजणी प्रत्येक वेळी परत मिळाली आहे. मात्र माझ्या खुर्चीखालच्या पिशवीत कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळून सोनचाफ्याची फांदी ठेवली आहे. कुणी ठेवली ते मी ओळखले आहे, नाव घेत नाही. तिने ती चहाच्या वेळी गुपचूप काढून घ्यावी.